येतेय का जातेय

“त्या गाडीसारखीच आहे बघ ती. येतेय का जातेय, काही कळत नाही.”

सासूबाई कोबी चिरता चिरता माझ्या नणंदेला, टेकलाला, सांगत होत्या. ‘ती’ म्हणजे मी. मी दाराआड उभी होते, हातात उकडलेल्या अंड्यांची टोपली. टोपली न वाजवता चार पावलं मागे गेले आणि मुद्दाम खोकत पुन्हा आले.

साउथ बेंडमध्ये हा विनोद जुना आहे. सासऱ्यांनी ज्या कारखान्यात जन्म काढला, तिथलीच ही दोन दारांची स्टुडबेकर गाडी, गर्द हिरवी. पुढे विमानासारखं टोकदार नाक आणि मागे या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत वळत गेलेली काच. पुढून जेवढी लांब, तेवढीच मागून. गल्लीतली पोरं ओरडायची, “काका, येताय का जाताय?” त्या काचा बसवण्याचं काम करणारे सासरे टोपी उचलून सांगायचे, “बायकोला विचारा!”

नोव्हेंबरात ते गेले. गाडी तेव्हापासून शेडमध्ये, चादरीखाली.

मी नेब्रास्काची. तिकडे जेवताना फक्त काटे-चमचे बोलतात. इथे मी तोंड उघडेपर्यंत विषय तिसऱ्याच शेजारणीवर गेलेला असायचा. त्यात तो ईस्टरचा सोमवार. या दिवशी आमच्या गल्लीत पुरुष बायकांना पाण्याने भिजवतात. जिला कुणी भिजवत नाही, ती घरातली नव्हेच. सासरे तर गाडीच्या मागच्या सीटवर दबा धरून बसायचे म्हणे, हातात पत्र्याचा मग, पाण्यात केसांना लावायच्या व्हायोलेट फुलांच्या अत्तराचा थेंब. माझा नवरा कॅझ मात्र पहाटेच कामावर गेला होता. विसरून.

“अगं वहिनी, तू अजून कोरडीच?” टेकला आपले ओले केस पिळत म्हणाली. हसली, पण मला ते लागलं.

“खाटकाकडून सॉसेज आणायचे राहिलेत,” सासूबाई म्हणाल्या. “हिरवी गाडी घेऊन जा. जमेल ना?”

मी मान हलवली. आणि जाताना माझी पर्स घेतली. सॉसेजचे पैसे आधीच दिलेले होते.

परत येताना नदीवरून धुकं चढून आलं. भर सकाळी दिवे लावावे लागले. या गाडीचा हीटर सीटखाली असतो. पोटऱ्यांना ऊब लागत होती आणि त्या उबेबरोबर एक वास... गोडसर, जुना. मला वाटलं, चादरीचा असेल.

पुलाआधीच्या चढावर मी थांबले. समोर घर. डावीकडे स्टेशन. स्टेशनवरून पश्चिमेकडे जाणारी गाडी आणि तिच्या शेवटी माझी अबोल आई. मग चाक डावीकडे वळवलं.

या गाडीला कारखान्यातूनच एक गुण मिळालाय. चढावर क्लच दाबून ठेवला की ती ब्रेक आपणच धरून ठेवते, मागे घसरू देत नाही. क्लच सोडला की सोडते. मी क्लच सोडला.

तिने सोडलं नाही.

इंजिन बंद पडायला हवं होतं. तेही पडलं नाही. शांतपणे घुरघुरत राहिलं, कुणीतरी पाय ठेवून वाट बघतंय तसं. मी आरशात पाहिलं. मागच्या त्या सगळ्या काचांमध्ये पांढरं धुकं होतं... आणि मागच्या सीटची स्प्रिंग हळूच करकरली.

“कोण... कोण आहे?”

फक्त दाबून धरलेलं हसू असतं ना, नाकातून सुटणारं... तसं काहीतरी.

मी चाक सरळ केलं. खांद्यावरचा हात निघावा तशी गाडी अलगद सुटली. आणि त्याच क्षणी माझ्या मानेवर, कॉलरच्या आत, गार पाण्याचा सपकारा बसला.

मी किंचाळले. पूलभर किंचाळत गेले. पूल संपताना लक्षात आलं, आपण हसतोय.

अंगणात उतरले तेव्हा टेकलाने भांडंच खाली ठेवलं. “वहिनी! भिजवलं कुणी तुला? कॅझ भेटला?”

नाही म्हणून मी मान हलवली. सासूबाईंनी पुढे होऊन गाडीत डोकावून पाहिलं. काचा वर केलेल्या. सीट कोरडी ठणठणीत. मग माझे ओले केस मुठीत घेऊन नाकाशी धरले आणि त्यांचा चेहरा एकदम लहान मुलीसारखा झाला.

“आई, काय झालं?” टेकला कुजबुजली.

त्यांनी ॲप्रनला हात पुसले, गाडीत बसल्या आणि दार ओढून घेतलं.

आम्ही दोघी बघत राहिलो. आतून काही ऐकू येत नव्हतं. मागच्या काचेवर मात्र आतल्या बाजूने वाफ धरत होती. एकाच कोपऱ्यात, सीटवर वाकून बसलेल्या माणसाच्या तोंडाएवढ्या उंचीवर.

मग आत अशी किंकाळी फुटली की शेजारची कुत्री भुंकायला लागली. दार उघडलं. सासूबाई बाहेर आल्या, अंबाड्यातून पाणी निथळतंय, रडतायत आणि पोट धरधरून हसतायत.

“मेला! शरमच नाही या माणसाला, अजूनही!”

टेकला छातीवर क्रॉसची खूण करत भिंतीला टेकली. सासूबाईंनी डोळे पुसले, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पर्सकडे.

“काय गं,” त्यांनी हळूच विचारलं, “येतेयस का जातेयस?”

गाडीची किल्ली माझ्याच मुठीत होती. तरी सीटखालचा हीटर घुरघुरत होता.

“आले मी, आई,” मी मोठ्याने म्हणाले, गल्लीभर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. “जात नाही कुठे. आणि मागे बसलेत, त्यांनाही जेवायला हाक मारा.”