हिवाळा शिकलेली बाग

निफाडला डिसेंबरात पारा शून्याखाली उतरणं आता नवीन राहिलं नव्हतं. त्या दुपारी थंडीच्या लाटेचा इशारा मोबाईलवर आला, तसं सुलोचना बोरस्ते यांनी संशोधन केंद्रातल्या ऋता टिपरेला आपल्या द्राक्षबागेत बोलावून घेतलं. शेजारचे काशिनाथनाना बांधावर शेकोट्यांसाठी पाचट रचत होते.

ऋताने आणलेल्या टाकीत 'निद्राद्रव' होता. दिवस लहान झाले, की हिमालयातल्या सफरचंदाच्या झाडाला थंडीची चाहूल लागते. ते पेशींमधलं पाणी बाहेर सोडतं. आत उरतो साखरेचा दाट पाक, जो सहजी गोठत नाही. बाहेरच्या पाण्याचा बर्फ झाला तरी पेशी फाटत नाही. झाड झोपी जातं. निफाडच्या वेलींना पूर्वी अशा झोपेची गरजच पडत नसे, म्हणून ती त्यांना येत नव्हती. निद्राद्रव त्यांना ती काही तासांत शिकवणार होता.

"पण काकू, घड गळतील," ऋता म्हणाली. "यंदाचं पीक हातचं जाईल. आणि एवढ्या मोठ्या बागेवर आम्ही हे अजून केलेलं नाही."

"वेल राहील ना?"

"राहील, असं वाटतं."

सुलोचनाबाईंनी एक घड तळहातावर तोलला. मणी जेमतेम वाटाण्याएवढे झाले होते.

"मारा फवारा," त्या म्हणाल्या.

लाट ओसरली तेव्हा नानांच्या बागेतली पानं उकडल्यासारखी काळी पडली होती, खोडं तडकली होती. सुलोचनाबाईंच्या वेलींनी पानं, घड, सगळं टाकलं. पण नखाने साल खरवडली की आत हिरवं दिसे.

फाल्गुनात ऊन तापलं, तरी एकाही डोळ्यातून कोंब फुटला नाही. डोळे फोडायची नेहमीची पेस्टही लावून झाली.

"थंड मुलखातली झाडं सोसलेल्या थंडीचा हिशेब ठेवतात," ऋता म्हणाली. "तो पुरा झाल्याशिवाय जागी होत नाहीत. नाहीतर मधल्याच एखाद्या उबदार दिवशी फसतील. आपल्या वेलींना थंडी मिळाली ती जेमतेम आठवडाभर. त्यांचा हिवाळा अजून चालूच आहे."

"मग उठवायचं कसं?"

"झाडाला 'झोप' सांगणारा निरोप आम्हाला सापडला, काकू. 'ऊठ' सांगणारा अजून नाही."

तेवढ्यात नाना बांध ओलांडून आले. "वहिनी, तुमची बाग वाचली. पुढच्या थंडीत आम्हालाही ते औषध मिळेल का?"

सुलोचनाबाईंनी उन्हाने तापलेल्या खोडावर हात ठेवला. ज्या वेलीला माणसाने हिवाळा शिकवला, तिला तो संपल्याचं आता कोण सांगणार होतं?