जादाचा एक तास

तौनोला देवमासे बघायचे होते. एवढंच. चाळीस वर्षं त्याने या पाण्यात सामन मासे धरले, देवमाशांच्या कळपांना शेकडो वेळा वळसा घालून बोट हाकली, पण निवांत बसून त्यांच्याकडे बघायला एकदाही थांबला नाही. आता हृदयाचं ऑपरेशन झालं होतं, बोट विकली होती, आणि सोमवारी तो व्हँकुव्हरला कायमचा राहायला जाणार होता. हॉस्पिटलसमोरच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. जागा हिल्काने शोधली होती, त्याच्या धाकट्या बहिणीने. साल्मी बेटाच्या पलीकडे एक गोट्यांचा किनारा होता. काळेपांढरे ऑर्का देवमासे उन्हाळ्यात तिथल्या उथळ पाण्यात येऊन गोट्यांवर पोट घासतात. जाण्याआधी ते पाण्यावरूनच बघायचे, असा तौनोने हट्ट धरला, आणि फेरीबोटीवर नोकरी करणाऱ्या हिल्काने चार दिवसांची रजा टाकली.

पहिले दोन दिवस मजेत गेले. हिल्काच्याच फेरीने ते साल्मी बेटावर उतरले, सीडरच्या झाडांखाली तंबू ठोकला, वेलदोड्याचा पाव आणि कॉफी यावर सकाळी काढल्या. खडकांवर सील लोळत होते. हिल्काने दोन पॅडलबोर्ड आणले होते, उभं राहून वल्हवायच्या लांब फळ्या. तौनोने ते उलटेपालटे करून पाहिले.

"याच्यावर उभं राहायचं? आई असती तर यावर कपड्यांना इस्त्री केली असती."

"तू बसून वल्हव ना, दादा. उभं राहा म्हणून कोण मागे लागलंय तुझ्या?"

तिसऱ्या दिवशी गोट्यांच्या किनाऱ्याला जायचं होतं. मध्ये मैलभर रुंद सामुद्रधुनी. तिथलं पाणी भरती-ओहोटीला नदीसारखं धावतं, आणि भरती संपून ओहोटी लागण्याआधी जेमतेम वीस मिनिटं थांबतं. तेवढ्यात पार व्हायचं. भरतीच्या पुस्तकातल्या वेळा हिवाळ्याच्या घड्याळाच्या असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. तंबूत तौनोच्या अक्षरातला कागद टांगला होता, त्यावर पाणी थांबायची वेळ: बारा दहा. घड्याळ एकट्या हिल्काकडे होतं; तिने मनातल्या मनात तास मिळवला आणि पाऊण वाजता दोघं निघाले.

निम्म्या वाटेवर तिला कळलं, काहीतरी चुकतंय. वल्हं समोर मारावं तर बोर्ड आडवा सरकत होता. गोट्यांचा किनारा जवळ येण्याऐवजी डावीकडे पळत होता.

"दादा, जोर लाव!"

"लावतोय की!"

लावून काही उपयोग नव्हता. पाणी त्यांना फेरीच्या वाटेकडे ओढत होतं, आणि समोरून धुकं येत होतं. पाच मिनिटांत दोन्ही किनारे पुसले गेले. वायरलेस? तो तंबूत, तौनोच्या कोटाच्या खिशात. हिल्काने स्वतःला मनसोक्त शिव्या घातल्या.

मध्यावर एक बुडालेला खडक होता. त्याच्यावर उगवलेलं समुद्री शेवाळ दोरासारखं लांब वर आलं होतं, प्रत्येक दोराच्या टोकाला कांद्याएवढा गोळा. हिल्काने दोन्ही हातांनी एक दोर धरला, दुसऱ्या क्षणी तौनोचा बोर्ड जवळ ओढला. मग दोर बोर्डांवर आडवे घेतले, दोघांच्या मनगटांना वेटोळे दिले. शेजारीच एक पाणमांजर तेच शेवाळ पोटाभोवती गुंडाळून उताणं पडलं होतं आणि त्यांच्याकडे बघत होतं.

"बघ, याला जमतंय," तौनो म्हणाला. त्याचे ओठ निळे पडले होते.

"दादा, तू कागदावर बारा दहा लिहिलं होतंस ना?"

"हो."

"मी त्यात तास मिळवला."

"तो मी मिळवूनच लिहिला होता गं."

हिल्काला भयंकर राग आला. त्याचा, स्वतःचा, त्या कागदाचा. पण राग काढायलाही जागा हवी, आणि इथे हात हलवायची सोय नव्हती. थंडगार पाणी मांड्यांवरून जात होतं. धरून राहायचं, बस्स.

"सातव्या मजल्याचंही असंच झालंय," तौनो हळूच म्हणाला. "मला नाही जायचं तिकडे."

"मग हो कशाला म्हणालास?"

"तू थकलीस वाटलं. कामावरून येऊन माझं जेवण, माझ्या गोळ्या."

"मी म्हटलं कधी थकले म्हणून?"

"मी तरी कधी म्हटलं, मला हॉस्पिटलसमोर राहायचंय?"

तेवढ्यात भोंगा झाला. लांबलचक, खोल. दीडची फेरी! धुक्यात दर दोन मिनिटांनी भोंगा वाजवतात. खडकावर फेरी येणार नाही, हे तिला माहीत होतं. पण शेवाळ सुटलं, तर ते दोघं थेट फेरीच्या वाटेत जाणार होते, आणि ती फेरी थांबायला किती पाणी कापते तेही तिला पाठ होतं.

ओहोटीचा जोर वाढला. एक गोळा पाण्याखाली गेला. मग दुसरा. प्रवाह शेवाळाला खाली दाबत होता, आणि बोर्डांच्या कडाही खाली जाऊ लागल्या. हिल्काने जॅकेटला बांधलेली शिटी दातांनी धरली आणि फुंकली. पुन्हा फुंकली. फेरीच्या अगदी पुढच्या टोकाला, नाकाडावर, धुक्यात पहारा करायचं काम एरवी तिचंच असे. इंजिनाच्या आवाजात तिथे काहीही ऐकू येत नाही, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार?

तौनोचा हात सुटला. तिने त्याचं मनगट पकडलं. त्याच्या बोटांत जोर उरला नव्हता.

"सोड मला, हिल्का."

"गप्प बस."

फुस्स! धुक्यात कोणीतरी मोठ्ठा श्वास सोडला. मग दुसरा, तिसरा. काळी उंच पाठ हाताच्या अंतरावर आल्यासारखी वाटली आणि नाहीशी झाली. कळप त्यांच्या बाजूने जात होता, कुठे ते दिसत नव्हतं.

आणि इंजिनाचा आवाज कमी झाला; कळप फेरीसमोर पोचला असावा. देवमासे जवळ आले की कप्तान इंजिन मंद करतो, तसा नियमच आहे. एकाएकी सगळीकडे शांतता झाली. हिल्काने उरलासुरला दम एकवटून शिटी फुंकली. फुंकतच राहिली.

"कोण आहे तिकडे?" नाकाडावरून डोरीनचा आवाज आला. हिल्काच्या जागी आज तीच उभी होती. "शिटी थांबवू नका, छोटी बोट पाण्यात सोडतोय!"

अर्ध्या तासाने दोघं फेरीत, गाड्यांच्या डेकवर, गरम पाइपाला टेकून घोंगड्यांत बसले होते. तौनोच्या हातात कॉफीचा कप होता, गालांवर रंग आला होता. ध्वनिक्षेपकावरून कप्तानाने सांगितलं की धुकं फाटलंय, उजवीकडे बघा, ऑर्का गोट्यांवर पोट घासतायत. जिन्यावर धावपळ झाली. खाली दोघंच उरले.

"दादा, तुला वर नेऊ? दोघंजण धरून नेतील. दिसतील तुला."

तौनोने मान हलवली. "पाय उचलत नाहीत. राहू दे, पुढच्या वर्षी बघू."

हिल्काने विचारलं, "म्हणजे राहणार आहेस तू?"

"आता विचारलंस ना, मग सांगतो. राहणार."

वरून लोकांचा आरडाओरडा ऐकू येत होता. हिल्काने घोंगडी त्याच्या खांद्यावर नीट ओढली.

"भरतीचा कागद आता मी लिहिणार," ती म्हणाली.

"लिही. तास मात्र मला विचारून मिळव."