डाव्या सीटचं वजन

कराडच्या अलीकडे, महामार्गाला लागून नसीमा मुजावरचं टायरचं दुकान आहे. तिच्या अब्बांच्या काळी गिऱ्हाईक यायचं, टायरवर दोन चापट्या मारायचं, घासाघीस करायचं आणि चहा पिऊन जायचं. आता गिऱ्हाइकाच्या आधी जुना टायर बोलतो आणि त्याचं ऐकावंच लागतं, कारण तसा कायदा आहे. त्यामुळे दिवसातून दोन-तीनदा तरी नसीमाला कुणाचं तरी पडलेलं तोंड बघावं लागतं. सात वर्षं झाली, पण ते तिला अजून जमलेलं नाही.

मंगळवारी अकराच्या सुमाराला बळवंत माने आले. सोबत पत्नी वैजयंताबाई होत्या. छोटी पांढरी विजेवरची गाडी, टायर पार गुळगुळीत झालेले.

"चारी बदल," बळवंतराव उतरता उतरताच म्हणाले. "आणि अक्षर 'टी'च पायजे. त्याच्या खालचं मला दाखवू नगंस."

"तात्या, आधी पाणी तर घ्या."

"पाणी घेतो. पण 'टी'च."

टायरच्या कडेवर मापाच्या आकड्यांनंतर एक अक्षर असतं. टायर जास्तीत जास्त किती वेग सोसेल, ते त्या अक्षरावरून कळतं. 'एफ' म्हणजे ताशी ऐंशी किलोमीटर, 'एल' एकशेवीस, 'टी' एकशेनव्वद. एकशेनव्वदनं इथं कुणी जात नाही. पण भरलेली गाडी, मे महिन्याचं ऊन आणि तापलेला रस्ता असला, की रबराच्या अंगी तेवढी शिल्लक लागतेच. शिवाय पुण्याकडे जाणाऱ्या वरच्या द्रुतमार्गावर 'एल'च्या खालच्या टायरला प्रवेशच नाही. तिथून पुणं दीड तासाचं. खालच्या जुन्या रस्त्यानं, गावं आणि गतिरोधक मोजत, साडेचार तास.

"शुक्रवारी मी पुण्याला चाललेय," वैजयंताबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या. "लेकीला सातवा लागलाय. चार-पाच महिने तरी तिकडंच राहणार. आणि हे म्हणतात, दर रविवारी गाडी घेऊन येतो."

"एकटे?"

"एकटा म्हंजे? पंचवीस वर्षं यष्टी हाकलीय मी," बळवंतराव म्हणाले. "एक ओरखडा न्हाई. बिल्ला मिळालाय त्याचा."

"बिल्ला घरी भिंतीवर आहे," वैजयंताबाईंनी नसीमाला सांगितलं. "पाहुण्याला आधी बिल्ला दाखवतात, मग चहा."

नसीमा हसली आणि टायर वाचायचं थाळीएवढं यंत्र, वाचक, घेऊन गाडीपाशी उकिडवी बसली. हल्लीच्या टायरमध्ये केसाएवढी बारीक तार विणलेली असते. कंपनीनं तिला लांबलचक नाव दिलंय, पण दुकानदार तिला नाडी म्हणतात. गाडीवर कुठं किती भार आहे, ब्रेक कधी आणि किती दाबला, गाडीला कुठून कसला हादरा बसला, हे सगळं ती नाडी आयुष्यभर टिपत असते. गाडीच्या आरशांतले कॅमेरे रस्त्यावर काय होतं ते तिला पुरवतात. जुना टायर काढायच्या वेळी नाडी वाचायची आणि त्यावरून नव्या टायरचं अक्षर ठरवायचं. गाडीतल्या संगणकाला लोक फसवत, म्हणून सरकारनं हा उपाय काढला. ज्याचा ब्रेक उशिरा लागतो त्याला मऊ रबराचा टायर मिळतो. तो रस्ता घट्ट धरतो, गाडी लवकर थांबवतो, पण जास्त वेगाला तापून फाटतो. म्हणून त्याचं अक्षर खालचं. आणि चारांतलं सर्वांत खालचं अक्षर असेल, त्याच्या वर गाडी पळतच नाही.

वाचकावर निकाल उमटला. नसीमानं तो पाहिला, वाचक पदराला पुसला आणि चारी चाकांना पुन्हा लावला. निकाल तोच.

"काय झालं?" बळवंतरावांनी विचारलं.

"तात्या, याच्यात दोन अक्षरं आलीत. असं कधी होत नाही. डाव्या सीटवर छप्पन्न किलो वजन असलं तर 'टी'. नसलं तर 'एफ'."

"चोपन्न," वैजयंताबाई म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. बळवंतराव उठून वाचकावर वाकले.

"बिघडलंय तुझं यंत्र."

"मलाही तसंच वाटलं. पण बघा ना. शेजारी कुणी बसलेलं असताना तुमचा ब्रेक एकदम वेळेवर आहे. विशीतल्या पोरांचा नसतो इतका. तुम्ही एकटे असलात की सेकंदभर उशीर. तोही फक्त डावीकडून काही आलं तरच. उजवीकडून काही आलं तर बरोबर." नसीमानं बोटानं पडदा सरकवला. "आणि शेजारी कुणी असलं की दर वेळी ब्रेकच्या आधी गाडीच्या डाव्या दाराला एक बारीक ठोका बसलाय. त्याची नोंद चार वर्षांची आहे."

वैजयंताबाई आपल्या डाव्या हाताकडे बघत राहिल्या. तो हात त्यांनी पदराखाली घेतला.

त्या कंडक्टर होत्या. कराड-चिपळूण गाडीवर बळवंतराव पुढे आणि त्या मागे, असं अकरा वर्षं चाललं. लग्नही त्या गाडीवरच जुळलं, असं डेपोत सगळे म्हणायचे. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. निवृत्तीनंतर घरची गाडी आली. तिला घंटीची दोरी नव्हती, म्हणून त्या बोटाच्या पेरानं दार वाजवायच्या. बघणाऱ्याला वाटायचं, म्हातारीची खोड आहे.

"तुम्हाला डावीकडचं दिसत न्हाई, हे मला कळलं होतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तीन वर्षांमागं. उंब्रजच्या वळणावर शेळी आली तेव्हा. बोलले असते तर तुम्ही गाडीची चावी खुंटीला अडकवली असती आणि दारात बसून राहिला असता. ते मला बघवलं नसतं."

"तुला कळलंय, हे मला कळलं होतं," बळवंतराव म्हणाले. "मी डॉक्टरकडं जाऊन आलो, तुला न सांगता. काचबिंदू हाय. गेलेलं परत येत न्हाई म्हनला, राहिलेलं टिकवू. म्हटलं, ही वाजवतीय तवर चाललंय ना!"

"मग बोलला का नाहीत?"

"तू का न्हाई बोललीस?"

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. यांनी तर एकच मूठ दोघांनी दोन बाजूंनी झाकून धरली होती, आणि ती उघडली एका टायरनं. नसीमाला गलबलून आलं. आपले अब्बा-अम्मी असे समोर बसलेत, असं तिला वाटलं, आणि तिनं तोंड फिरवून उगाच नट खोलायचे पाने जागेवर लावले.

"एक मार्ग आहे," ती वळून म्हणाली. "नव्या टायरात 'साथ' म्हणून सोय आलीय. जुन्या नाडीतले मावशींचे ठोके त्यात उतरवायचे. मावशी कधी, कशाला, किती आधी वाजवतात ते टायर शिकून घेतो. डावीकडून काही आलं की स्टिअरिंगमध्ये तसाच ठोका देतो. मावशी गाडीत नसल्या तरी. मग कायद्यानं 'टी' देता येतं."

वैजयंताबाईंचा चेहरा उजळला. "अगं मग हेच कर की! मी तिकडं असले तरी यांच्या शेजारी असल्यासारखंच झालं."

"न्हाई," बळवंतराव म्हणाले.

"अहो, हट्ट करू नका."

"हट्ट न्हाई. घंटी वाजली की मी काय करतो? आधी ब्रेक आनि मग तुझ्याकडं बघतो. रिकाम्या गाडीत घंटी वाजली तरी मी बघनारच. सीट रिकामी. आज तू पुण्याला चाललीयेस, ठीक हाय. उद्या तू कायमची गेलीस आनि टायर वाजवतच राहिला, तर मी काय करू? तुझ्याशिवाय मला जमतंय असं त्या टायरनं मला खोटं सांगू नये."

वैजयंताबाईंनी त्यांचा हात धरला. भर दुकानात, नसीमासमोर. आयुष्यात त्यांनी असं कधी केलं नसावं, कारण बळवंतराव अगदी लाजून गेले.

"'एफ' घाल," ते नसीमाला म्हणाले. "चारी. खालच्या रस्त्यानं जाईन. पहाटं निघालो की जेवायला लेकीकडं. मऊ रबर लवकर थांबतं म्हनालीस ना? बास."

नसीमानं निकाल कायम करायला घेतला, तशी पडद्यावर लाल ओळ आली. ती तिनं दोनदा वाचली. हे बोलावं की गिळावं? पण न बोलता पुढं जाताच येत नव्हतं.

"तात्या, आणखी एक आहे. गेल्या आठ महिन्यांत सदतीस वेळा दाराला ठोका बसलाय आणि तुम्ही गाडी थांबवलीय. पण कॅमेऱ्यात रस्ता मोकळा आहे. समोर काही नाही, डावीकडे काही नाही. कारण लिहिल्याशिवाय यंत्र कुठलंच अक्षर देत नाही."

वैजयंताबाई म्हणाल्या, "मला वाटायचं कुणी उभं आहे. जवळ गेलं की नुसती सावली असायची. झाडाची न्हाई तर खांबाची."

"मोतीबिंदू हाय तिला," बळवंतराव नसीमाला म्हणाले. "पुण्यात लेक ऑपरेशन करून घेनार हाय. हिच्या नकळत मी लेकीला सांगून ठेवलंय."

"म्हणजे पुढं काही नाही, हे तुम्हाला दिसत होतं?" वैजयंताबाईंनी विचारलं.

"सरळ समोरचं दिसतं की मला. मोकळा रस्ता असायचा."

"मग थांबायचात कशाला?"

"तू घंटी दिलीस म्हनून. कंडक्टरनं घंटी दिली की थांबायचं. का दिली ते ड्रायव्हरनं विचारायचं नसतं. आनि न थांबता गेलो असतो, तर तुला कळलं असतं, तुझे डोळे गेलेत. मागं कुनी नसलं तर मोकळ्या रस्त्यावर दोन मिनिटं थांबायला आपलं काय जातंय?"

वैजयंताबाईंना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलंही नाही.

यंत्राला मात्र कारण हवं होतं. त्यानं चार पर्याय दिले होते. डुलकी, भास, गाडीतला बिघाड, इतर. पहिल्या दोहोंतलं काही निवडलं की परवाना जप्त आणि वैद्यकीय मंडळापुढं फेऱ्या. रविवार राहिले बाजूलाच, नातवंडाचं बारसंही होऊन जाईल. बिघाड म्हटलं तर गाडी महिनाभर तपासणीला. नसीमानं 'इतर' दाबलं. रिकामी चौकट उघडली.

"काय लिहू, तात्या?"

"खरं ते लिही. शेजारच्या मानसाला वाटलं थांबावं, म्हनून थांबलो."

तिनं तसंच लिहिलं. यंत्र बराच वेळ घेऊ लागलं. असलं कारण त्याला पूर्वी कुणी दिलं नसावं. मग हिरवी खूण आली, अक्षर 'एफ' मंजूर झालं, आणि नसीमानं सुटकेचा श्वास टाकला. तेवढ्यात खाली आणखी एक ओळ उमटली. तिनं ती मोठ्यानं वाचली.

"ही सवय नवीन आहे. धोका आढळला नाही. मध्यवर्ती संगणकाकडे पाठवून सर्व गाड्यांना शिकवायची का? होय किंवा नाही."

"सगळ्या म्हंजे?" बळवंतरावांनी विचारलं.

"देशातल्या सगळ्या. शेजारचं माणूस थांब म्हणालं की कारण न विचारता थांबायचं, असं त्या शिकतील."

"चांगलंच की मग. 'होय' म्हन."

नसीमाचं बोट पडद्यावर टेकणार, तेवढ्यात वैजयंताबाईंनी तिचं मनगट धरलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी अजून तसंच होतं. महामार्गावरून गाड्या चालल्या होत्या. बहुतेकांत एकच माणूस बसलेलं होतं.

"थांब जरा पोरी," त्या म्हणाल्या. "गाड्या शिकतील गं. पण ज्यांच्या शेजारी कुणीच बसत नाही, त्यांना थांब म्हणायचं कुणी?"