कोऱ्या ट्यूबमधला माणूस

लिफ्टचं दार उघडलं आणि मी आत उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या हातातली पेटी धरली. हो, पेटीच. तिच्यावर आमच्या मशीनच्या कंपनीचं स्टिकर होतं आणि त्या क्षणी माणसापेक्षा मला ते स्टिकरच दिसलं.

"तुम्ही... तुम्ही पीसीआर मशीन दुरुस्त करता ना?"

"करतो. पण मला पाचव्या मजल्यावर—"

"पाचवा मजला कुठे पळून जात नाही. आधी इकडे या, प्लीज!"

तो आला. न येऊन करतो काय, पेटी माझ्या हातात होती.

आमची लॅब नात्यांची तपासणी करते. कोण कुणाची आई, कोण कुणाचा मुलगा, हे डीएनएवरून सांगते. मी तिथे शिकाऊ होते. आधी सरावाच्या बॅचेस आणि मग एक खरी बॅच, सगळी एकटीने. ती नीट पार पडली की लॅबच्या प्रमुख मॅडम मला कायम करणार होत्या. बिघडली तर घरी. आणि सरावाच्या पहिल्याच दिवशी डीएनएच्या नकला काढणारं ते पीसीआर मशीन तोंड मिटून बसलं होतं.

त्याने झाकण काढलं, आत फुंकर मारली, एक वायर बदलली. मी त्याच्या खांद्याशी उभी राहून दर मिनिटाला "होईल ना?" विचारत होते. शेवटी त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळे हसरे होते, जरा जास्तच.

"मॅडम, मशीनपेक्षा तुम्हीच जास्त तापला आहात."

लॅबमध्ये मला सगळे 'डबलचेक' म्हणायचे. ट्यूबचं झाकण लावलं की नाही ते मी पुन्हा बघायचे, आणि पुन्हा बघितलं की नाही तेही पुन्हा बघायचे. त्याला हे नाव जाता जाता कुणीतरी सांगितलं असणार, कारण दुसऱ्या वेळी तो आला तोच "काय डबलचेक, मशीन चालतंय का?" म्हणत.

"चालतंय की. तुम्हाला कुणी बोलावलं?"

"कुणी नाही. दुरुस्ती टिकली का ते बघायला आलो." मग जरा थांबून म्हणाला, "एक विचारू? इतकी वर्षं ही मशीनं उघडतोय. तापवतं, थंड करतं, पुन्हा तापवतं, एवढं माहीत आहे. पण आत होतं काय नेमकं?"

असं मला कधी कुणी विचारलं नव्हतं. मी खुर्चीच ओढली.

"डीएनए म्हणजे पीळ दिलेली शिडी समजा. दोन बाजूंना दोन धागे आणि मध्ये पायऱ्या. एकेक पायरी दोन अक्षरांची. ए समोर टी, जी समोर सी. दुसरी जोडी जमतच नाही."

"हट्टी आहेत."

"म्हणून तर काम होतं! मशीन तापलं की शिडी मधोमध उघडते, दोन धागे सुटे होतात. थंड झालं की प्रत्येक धाग्यासमोर नवा जोडीदार बांधला जातो. एकाच्या दोन शिड्या, दोनाच्या चार... तासा-दोन तासांत कोट्यवधी. शरीरात पेशी दुभंगताना हेच होतं, फक्त तिथे तापवावं लागत नाही."

"आणि एवढ्या घाईत चुकीचं अक्षर बसलं तर?"

"पेशीत नवा धागा बांधणारं एन्झाइम मागे वळून बघतं, चुकलेलं अक्षर काढतं, बरोबर बसवतं. त्यातूनही काही सुटलं, किंवा उन्हाने एखादा तुकडा बिघडला, तर दुरुस्ती करणारी वेगळी मंडळी आहेत. ती बिघडलेला तुकडा कापतात आणि समोरचा धागा वाचून तेवढीच जागा भरून काढतात. आपल्या एकेका पेशीत रोज हे हजारो वेळा चालतं."

तो पुढे झुकून ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे बिघाड होणार हे धरूनच चाललंय सगळं?"

"हो."

"मग तुम्ही का एवढ्या घाबरता?"

मी उठून ट्यूबची झाकणं पुन्हा बघायला लागले. खिडकीबाहेर भुरभुर पाऊस लागला होता आणि त्याने छत्री आणली नव्हती. माझी छत्री मी त्याला दिली, आणि ती परत करायला यावं लागेल हे माझ्या लक्षात नव्हतं असं मी शपथेवर सांगणार नाही.

घरी वहिनीच्या नजरेतून काही सुटत नाही. दादाला वाढता वाढता ती म्हणाली, "हल्ली आमच्या वन्संचं मशीन फार बिघडतं वाटतं?"

"वहिनी!"

"बिघडू दे गं. चांगला असेल मेकॅनिक तर बिघडू दे!" दादाने ताटातून मान वर केली, पण त्याला काही कळलं नाही.

मग माझी खरी बॅच आली. एक आई होती. तिचा लहानपणी हरवलेला मुलगा आता मोठा होऊन सापडला होता, म्हणजे सापडला असं दोघांना वाटत होतं. मुलाचा निम्मा डीएनए आईकडून येतो, तो जुळायला हवा. ती आई नमुना द्यायला आली तेव्हा माझा हात धरून म्हणाली होती, "पोरी, नीट बघ हं." मला त्या रात्री झोप आली नाही.

ट्यूब भरायची आमची खोली वेगळी आहे. मास्क, ग्लोव्हज, टोपी, आणि ट्यूब उघड्या असताना बोलणं बंद. कारण मशीन नकला काढताना आपला-परका बघत नाही. थुंकीचा डोळ्यांना न दिसणारा थेंब आत पडला तर त्याच्याही कोट्यवधी नकला होतात. म्हणून प्रत्येक बॅचमध्ये एक कोरी ट्यूब लावतात, कुणाचाही नमुना न घातलेली. बाकीचं सगळं घालतात आणि नमुन्याऐवजी नुसतं पाणी. तिच्यात काहीच निघालं नाही, तर बॅच खरी.

मी ट्यूब भरत होते आणि दारावर टकटक झाली. मेकॅनिक. ज्या काचेच्या कॅबिनेटमध्ये ट्यूब भरतो त्याचा पंखा आवाज करतो म्हणून मॅडमनी त्याला दुपारी बोलावलं होतं, पण तो सकाळीच आला होता. 'बाहेर थांबा' एवढंच म्हणायचं होतं मला. मी म्हणाले, "या, पण हात लावू नका कशाला."

तो मास्क, टोपी घालून माझ्या बाजूला उभा राहिला. मी मोजून पाणी टाकत होते. एकच थेंब मी दोनदा मोजला, बॅचमुळे की आणखी कशामुळे, कोण जाणे.

"रविवारी काय करता तुम्ही?"

"श्श! इथे बोलायचं नसतं."

"बरं. मग मानेने सांगा. रविवारी माझ्याबरोबर... येणार का? कुठेही." आणि नीट ऐकू जावं म्हणून की काय, त्याने मास्क हनुवटीखाली ओढला. मी पाहिलं. त्याची हनुवटी पहिल्यांदा इतक्या जवळून दिसली. मास्क वर करा म्हणायचं सोडून मी मान हलवली... होकारार्थी.

दुसऱ्या दिवशी कोऱ्या ट्यूबमध्ये माणूस निघाला.

स्क्रीनवर सपाट रेष हवी होती, तिथे टोकदार शिखरं उभी होती. माझ्या तोंडचं पाणी पळालं. मॅडम चष्मा कपाळावर सरकवून बघत होत्या. लॅबमधल्या प्रत्येकाच्या गालाच्या आतल्या बाजूचा नमुना आम्ही आधीच घेऊन ठेवतो, असं काही झालं तर पटकन कळावं म्हणून. त्यांनी सगळे ताडून पाहिले.

"आपल्यापैकी कुणी नाही," त्या म्हणाल्या. "पण पुरुष आहे हे नक्की. त्या खोलीत कोण आलं होतं?"

बोलणार होते मी, खरंच. पण तोंडातून निघालं, "आठवून सांगते, मॅडम."

"उद्या सकाळी सांग. तोवर ही बॅच रद्द."

घरी आले ती थेट गच्चीत गेले. खरं सांगितलं तर माझी नोकरी जाणार आणि त्याचं आमच्याकडे येणंही बंद होणार. कदाचित कंपनी त्याला काढूनच टाकेल. नाही सांगितलं तर ती आई ताटकळत बसणार, आणि मी रोज त्या खोलीत कुठल्या तोंडाने जाणार? मन चिंती ते वैरी न चिंती. तासाभरात मी मनातल्या मनात त्याला बेकार करून, दुसऱ्या गावी पाठवून, माझं नाव काढलं की तोंड फिरवायलाही लावलं होतं.

वहिनी शोधत वर आली. माझा चेहरा बघून चेष्टा न करता शेजारी बसली. मी सगळं सांगितलं.

"आवडतो ना तुला?" तिने एवढंच विचारलं.

"हो गं... खूप आवडतो. म्हणून तर."

"मग त्याला अंधारात ठेवून काही करू नकोस. फोन कर."

मी फोन केला. "काल सकाळी... तुम्ही मास्क खाली केला होता ना?"

"केला होता. का? काय झालं? आवाज असा का येतोय तुमचा?"

"कोऱ्या ट्यूबमध्ये कुणीतरी निघालंय. पुरुष. लॅबमधला नाही." आणि मग मी रडलेच. "मी उद्या खरं सांगणार आहे. तुम्हाला आधी सांगावं म्हणून..."

"तुम्ही नका सांगू," तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला.

मला वाटलं, संपलं. घाबरला. माझी तक्रार करू नका, असंच म्हणायचं असणार त्याला. राग आला, त्याहून जास्त वाईट वाटलं, आणि तरी सकाळी मी मॅडमच्या केबिनचं दार ढकललं.

तो आत बसला होता. पेटी पायाशी, डोळे तांबारलेले.

"माझी चूक आहे," तो मॅडमना सांगत होता. "मी वेळेआधी आलो, आत गेलो, मास्क काढला. यांनी बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं."

"खोटं आहे, मॅडम!" मी दारातूनच म्हणाले. "मी आत घेतलं. मास्क खाली आला तेव्हा मी बघत होते आणि काहीच बोलले नाही."

"नाही, मॅडम, त्या—"

"अहो, तुम्ही गप्प बसा ना!"

"दोघंही गप्प बसा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी खणातून कापसाची काडी काढली. "तोंड उघडा."

तो आमच्या कॉरिडॉरच्या बाकावर दिवसभर बसून राहिला. त्याचा फोन सारखा वाजत होता. साहेबांचा असणार, तो कट करायचा. मी दाराच्या काचेतून बघायचे, तो बघायचा, आणि दोघं नजर खाली घालायचो. भीती होतीच, पण हा माणूस पळून गेला नव्हता.

संध्याकाळी मॅडमनी दोघांना बोलावलं.

"जुळत नाही," त्या म्हणाल्या.

"काय?"

"ट्यूबमधला माणूस हा नाही. मला काल संशय आलाच होता. त्या पाकिटातल्या उरलेल्या ट्यूब मी आज स्वतः लावल्या, नुसतं पाणी घालून. सगळ्यांत तोच पुरुष. ट्यूब बनवणाऱ्या कारखान्यातला कुणीतरी असणार, पाकीट भरताना शिंकला असेल." त्यांनी चष्मा पुसला. "तुम्ही दोघांनी सकाळी जे काही सांगितलंत, ते मला कळायची काडीमात्र गरज नव्हती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच."

माझे कान तापले. त्याने पेटीची कडी घट्ट धरली.

"मॅडम... म्हणजे मी..."

"नियम मोडलास. त्यामुळे कायम आता नाही, आणखी काही महिने शिकाऊच. उद्या नव्या ट्यूब घेऊन त्या आईची बॅच तूच लावायची. चूक लपवणारी मला नकोच होती. न केलेला बिघाड कबूल करायला दोघं भांडताना मात्र पहिल्यांदाच पाहिली." मग त्याच्याकडे वळून, तितक्याच कोरड्या आवाजात म्हणाल्या, "आणि तुमचा नमुना आम्ही स्टाफच्या नमुन्यांत ठेवून देतोय. पुढे सारखा लागेल असं दिसतंय."

(ती बॅच मी लावली. कोरी ट्यूब कोरी राहिली, आणि मुलगा त्या आईचाच निघाला.)

आम्ही बाहेर पडलो. रस्ता ओला होता, दुकानांचे दिवे लागत होते. दोन चौक मागे पडले.

"फोन का ठेवलात काल?" मी शेवटी विचारलं. "मी किती घाबरले माहीत आहे?"

"आणखी बोललो असतो तर तुम्ही मला अडवलं असतं. तुम्हाला अडवणं फार जमतं." तो चार पावलं चालला आणि थांबला. "खरं सांगू? जुळलं नाही म्हणाल्या ना... मला जरा वाईटच वाटलं."

"वाईट? वेडे आहात का!"

"तुमच्या बॅचमध्ये मीच निघालो असतो तर..." तो स्वतःवरच हसला. "जाऊ दे. तिथे नसलो तरी चालेल. पण तुमच्याजवळ असायचं आहे मला. रोज. आवडता तुम्ही मला, त्या लिफ्टपासून."

इतके दिवस मी याच वाक्याची वाट बघत होते, आणि ते आलं तेव्हा हातपाय गार पडले.

"मला भीती वाटते," मी म्हणाले.

"कशाची?"

"सगळ्याची. तुम्ही उद्या बदलाल याची. घरी काय म्हणतील याची. मीच काहीतरी बिघडवेन याची. ही भीती जाणार नाही माझी, आधीच सांगते. लग्न झालं तरी जाणार नाही."

"लग्न?" त्याचे डोळे मोठे झाले.

मी तोंडावर हात ठेवला, पण निघून गेलेलं निघून गेलं होतं. माझा तो हात त्याने हळूच तोंडावरून खाली घेतला आणि आपल्या हातात ठेवला. त्याचाही हात गार पडला होता.

"अरे," मी म्हणाले, "तूही घाबरलायस?"

"मग? कालपासून."

मला एकदम हसू आलं. मग मी त्याचा हात धरला आणि आम्ही तसेच घाबरत घाबरत घराकडे निघालो, वहिनीला सांगायला.