ठणठणीत

नुकतंच तेल घातलेल्या सायकलच्या चेनवर छतातून भसकन चुना पडला. वर कुणीतरी टाळ्या पिटत होतं. हातात पाना तसाच धरून मी तरातरा जिना चढले.

वरच्या खोलीत प्रौढांचा वर्ग चालला होता. भाजीवाली मावशी, रखवालदार काका असे सगळे मन लावून टाळ्या वाजवत होते. समोर एक उंच, शिडशिडीत मास्तर. तो शब्द म्हणायचा आणि त्यातल्या प्रत्येक अक्षराला सगळ्यांनी एक टाळी द्यायची.

"खाली माझ्या सायकलींवर चुना पडतोय!" मी म्हटलं.

"मग वर बसा," तो हसला. "इथे नाही पडत."

काय आगाऊ! डोळे मात्र... जाऊ दे.

"आधी शब्द कानांनी ऐकायचा, मग हाताने लिहायचा. येताय?"

"मला गरज नाही," ठसक्यात सांगून मी खाली आले.

गरज होती. लहानपणी शाळेत बाईंनी सगळ्यांसमोर 'ठोंबी' म्हटलं, त्या दिवसापासून अक्षरांशी माझी कट्टी. सायकल मात्र मी डोळे मिटून खोलते! बाबांनी दुकान माझ्या हवाली केलं, आपली जुनी पाटी उतरवली आणि म्हणाले, "आता तुझी लाव." मीही साऱ्या गल्लीसमोर फुशारकी मारून बसले की रंगारी कशाला, मीच लिहीन. आता नाक कापलं जाणार होतं.

दुसऱ्या दिवशी वरून "सायकल" असं ऐकू आलं आणि माझा पाना आपोआप नळावर वाजला. ठण, ठण, ठण, ठण. वरच्या टाळ्या थांबल्या. मग मास्तर खिडकीतून ओणवला.

"बरोबर!"

"मी माशी मारत होते."

"बरोब्बर चार माश्या?"

मला हसू आलं... दाबलं, पण त्याने पाहिलंच. मग तो शब्द जरा मोठ्यानेच म्हणायला लागला. संध्याकाळी आपली धडधाकट सायकल घेऊन यायचा, हवा भरायला म्हणे! मी हवा भरायची आणि तो खडूने फरशीवर दाखवायचा, कुठला आवाज कसा दिसतो ते. त्याची वाट बघायची सवयच लागली मला.

"पाटीवर काय लिहिणार?" त्याने एकदा विचारलं.

"ठणठणीत सायकल दुकान."

"सुरुवातीलाच एवढं अवघड? मी पेन्सिलीने काढून देतो, तुम्ही नुसता रंग—"

"माझ्या पाटीला हात लावायचा नाही!" मी भडकले. "अवघड आहे म्हणूनच लिहायचंय."

तो कानापर्यंत लाल झाला. "चुकलं माझं. मग मी काय करू?"

"स्टूल धर," मी म्हटलं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, मला कळलंच नाही.

रविवारी सगळी गल्ली जमली. मी स्टुलावर चढले, ब्रश बुडवला. बाईंचा आवाज कानात आलाच... पण त्याच्यावरून मी माझा चढवला. "ठ!" मोठ्याने म्हटलं आणि काढला. "ण!" काढला. खाली मास्तर स्टूल धरून, तोंड घट्ट मिटून उभा. एका अक्षरालाही त्याने मदत केली नाही. इतका गोड कधी दिसला नव्हता!

शेवटचा 'न' झाला. बाबांनी पाटी मोठ्याने वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली.

"माझ्या लेकीने लिहिलंय," ते शेजाऱ्यांना म्हणाले. जणू कुणी पाहिलंच नव्हतं! माझी छाती अशी फुगली की काही विचारू नका.

त्याच तोऱ्यात मी ब्रशच्या दांड्याने शटरवर पाच ठोके दिले आणि मास्तरकडे बघितलं.

"ठणठणीत?" त्याने विचारलं.

"नाही."

"दुकान बंद?"

"भर दुपारी?"

"मग... हरलो बुवा."

"आ, व, ड, तो, स!" मी वरूनच ठणकावलं. साऱ्या गल्लीला ऐकू गेलं. जाऊ दे की!

मास्तरने टाळी वाजवली. दोन्ही हातांनी!

"अरे, स्टूल—"

स्टूल आडवं झालं. मी नाही. मला त्याने वरच्या वर धरलं होतं.