चौथी रेघ

“सुट्टीत माणसं आंबे खातात, नि आपण भिंतीचा ताप मोजतोय,” उमेर पुटपुटला. पुटपुटला म्हणजे निदाच्या कानापासून हातभर अंतरावर. तिला ऐकू जावं असाच बेत असणार.

“भिंतीला ताप नसतो, तापमान असतं,” निदा लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाली. “आणि आंबे पाच वाजता. अम्मीने टोपभर कापून ठेवलेत.”

कुरकुर तेवढ्यापुरती थांबली.

राजिवड्यातल्या त्या कौलारू घराच्या पडवीत मे महिन्यातले दहा दिवस, दुपारी तीन ते पाच, निदाचा वर्ग भरायचा. विज्ञान आणि प्रोग्रामिंग. आठवी ते दहावीची अकरा मुलं. निदा गोव्यात समुद्रविज्ञान शिकून एम.एस्सी. झालेली. मोहल्ल्यात तिला ‘माशांची डॉक्टर’ म्हणत. तिचा विषय माशांचा नव्हता, पाण्याचा होता. पण हे किती जणांना समजावत बसायचं?

दोन वर्षांपूर्वी ती पंधरा दिवसांसाठी म्हणून घरी आली, ती राहिलीच. तिचे अब्बा, गुलाम रसूल तांडेल, यांची बोट वादळातून परत आली होती. पाचही खलाशी आले होते. अब्बा आले नव्हते.

त्यापुढचं वाक्य मोहल्ल्यात कुणी बोललं नाही. “गुलामभाई बाहेर आहेत,” असं म्हणत, मासेमारीला गेलेल्या कुणाहीबद्दल म्हणावं तसं. रझिया, निदाची आई, इद्दतीला बसली नाही. नवरा गेला की बाईने चार महिने दहा दिवस घरात राहायचं असतं. पण तिला बस म्हणून सांगणाऱ्याला आधी दुसरं काहीतरी सांगावं लागलं असतं. इमामसाहेब दोनदा येऊन गेले. चहा प्यायले, डिझेलच्या भावावर बोलले, उठले. निदाने स्वतः किती वेळा तोंड उघडलं नि मिटलं, याचा हिशेब तिने ठेवला नव्हता.

आता गोव्याहून पत्र आलं होतं. संशोधनाची जागा होती, आणि वर्गाच्या शेवटच्या दिवसापर्यंत कळवायचं होतं. आई घर सोडायला तयार नव्हती. वाट बघत बसलेल्या बाईला एकटं टाकून जायचं, तर त्यासाठी वेगळं काळीज लागतं. ते निदाकडे नव्हतं.

तर वर्गाचं काम असं होतं. स्टीलच्या टोकाचे चार सेन्सर चार ठिकाणी लावायचे, आणि मुलांनी लिहिलेला प्रोग्राम दर मिनिटाला त्यांचं तापमान घेऊन पडद्यावर चार रेघा काढणार. एक सेन्सर खिडकीत, एक स्वयंपाकघरात, एक जेटीवरून पाण्यात सोडलेला. चौथा दिशाकडे होता. दिशा पुलापलीकडून, भाट्याहून यायची. तिने इकडेतिकडे बघितलं नि सावलीतल्या लाकडी आरामखुर्चीच्या हाताला तो बांधून टाकला.

मोहल्ल्यातली दहा मुलं एका चटईवर कोंबून बसत, पण गुलामभाई बंदरावरून आले की जिच्यावर घडीभर टेकायचे, त्या खुर्चीला कुणी पाय लावत नसे. दिशाला वाटलं होतं, मुलं शिस्तीची आहेत.

निदाने दाराकडे बघितलं. आई उभी होती.

“राहू दे गो,” रझिया म्हणाली. “बांधलंय तर बांधलंय.”

पहिल्या दिवशी खिडकी चौतीस, स्वयंपाकघर छत्तीस, जेटी एकतीस. खुर्ची एकोणीस.

“ताई, एसी लागलाय वाटतं खुर्चीला,” दिशा म्हणाली.

निदाने सेन्सर बदलला. एकोणीस. काढलेला सेन्सर नि चांगला सेन्सर एकाच पेल्यातल्या पाण्यात बुडवले, दोन्ही सारखेच आले. मुलांना प्रोग्राम ओळीओळीने तपासायला लावला. उमेरला चूक सापडलीही, पण ती स्वयंपाकघराच्या रेघेत होती. शेवटी तिने खुर्चीच्या हातावर तळवा ठेवला. मे महिन्यात लाकूड जेवढं गरम लागतं तेवढंच ते गरम होतं.

दुसऱ्या दिवशी एकवीस. तिसऱ्या दिवशी तेवीस. मग सव्वीस.

तिने कारणं शोधली. वायर लांब आहे, व्होल्टेज कमी पडतंय, कौलातून वारा येतोय. एकेक कारण ती वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी खोडायची. रात्री झोप लागेना, आणि दिवसा एका जागी बसवेना. आई मात्र हल्ली शांत होती. पडवी झाडताना ती खुर्चीपाशी जरा जास्तच थांबायची.

पाचव्या दिवशी मुलांनी रेघा कार्डशीटवर काढल्या. दिशाने तो कागद भिंतीला चिकटवला, आडवा लावायचा तो उभा.

निदा बघत राहिली.

चौथी रेघ तिच्या ओळखीची होती. शिकत असताना ती जहाजावर गेली होती. खोल सोडलेलं उपकरण दोराने वर ओढताना पाणी असंच उबदार होत जातं. दीडशे मीटरवर एकोणीस, शंभरावर चोवीस, नंतर भराभर वाढत वरचं कोमट पाणी. ही रेघ त्याच वाटेने चालली होती. दिवसाला वीसपंचवीस मीटर वर.

“छान काढलंय,” ती म्हणाली आणि मागच्या मोरीवर जाऊन तिने हात धुतले. हात स्वच्छच होते.

सातव्या दिवशी उमेरने पुढचा अंदाज सांगणारा प्रोग्राम लिहून आणला. एरवी निदाने त्याची पाठ थोपटली असती.

“आपा, उद्या खुर्ची नि जेटी सारखी येणार.”

“आणि परवा?”

“परवाचं त्याला कळत नाय.” तो खुर्चीकडे पाठ करून बोलत होता.

आठव्या दिवशी पडद्यावर तीनच रेघा दिसल्या. मुलांना वाटलं, एक हरवली. निदाने चित्र मोठं केलं. चौथी रेघ तिसरीवर चढली होती. जेटी एकतीस, खुर्ची एकतीस.

त्या दिवशी आंब्यांसाठी कुणी थांबलं नाही.

नवव्या दिवशी वर्गाला उमेर आणि दिशा, दोघंच आली. खुर्चीचा आकडा चौतीस होता. खिडकी चौतीस.

“झालं की बरोबर,” दिशा म्हणाली.

निदालाही सुटल्यासारखं वाटलं. चौतीस म्हणजे पडवीतल्या हवेचं तापमान. इथल्या कुठल्याही वस्तूचं असावं तेवढं.

पाण्यातून बाहेर आलेल्या वस्तूचंसुद्धा.

हे तिच्या मनात जरा उशिराने आलं. चटई गुंडाळता गुंडाळता तिचे हात थांबले. मग तिने घाईघाईने सेन्सर सोडवला आणि खुर्ची मागच्या खोलीत न्यायला ओढली.

खुर्ची हलली नाही.

दर ईदला झाडताना ती एका हाताने उचलायची, तीच ही खुर्ची.

“उमेर, जरा धर रे.”

दोघांनी जोर लावला. खुर्चीचे पाय तसूभरही सरकले नाहीत. उमेरने एकाएकी हात काढला आणि दोन पावलं मागे गेला.

“आपा. वेत बघा.”

विणलेल्या वेताची बैठक मधोमध खाली दबली होती. ताणून, खोलगट.

“आम्ही निघतो,” तो म्हणाला. दिशाची ओढणी धरून त्याने तिला ओढतच पायरी उतरवली.

रझिया पदराला हात पुसत बाहेर आली. तिने खुर्चीकडे बघितलं, मग मुलीकडे.

“ओढू नको गो.”

“अम्मी, ही आपण इथून...”

“राहू दे. गोव्याला कळव, येते म्हणून.”

“आणि तू?”

“मला आता चार महिने दहा दिवस घरातच राहायचंय.”

रझियाने हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या आणि खिडकीत ठेवल्या. घाई अशी काही नव्हती. निदाला वाटलं, आता काहीतरी बोलायला हवं, नाहीतर आईच बोलेल.

वेत बारीकसा करकरला.

“तुझे अब्बा मेलेत, निदा,” रझिया म्हणाली. “जिते असते, तर एवढा वेळ घरात बसले असते?”