हिरव्या नाण्याचे रविवार

वैजनाथ दुकानात शिरला तो उन्हापासून लपायला. लातूरच्या गंजगोलाईत मन्मथअप्पांचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान. चाकूरच्या कुण्या बाईनं नव्या घागरीच्या बदल्यात दिलेली जुन्या भांड्यांची मोड दारातच पडली होती. त्या ढिगाशी तो उकिडवा बसला, अन् एक हिरवागार पैसा उचलून उजेडात धरला.

"ओ, मोड विकायची न्हाई," तराजूमागून अप्पांची लेक मंजुश्री म्हणाली.

"हे रोमच्या बादशहाचं नाणं हाय..."

"अन् मी त्याची राणी. ठेवा खाली."

तो हसला. नांदेडच्या कॉलेजात इतिहास शिकवायचा तो. बोट नाण्यावर फिरवत सांगू लागला — डोक्यावर पानांची माळ असली तर नाणं एक, किरणांचा मुकुट असला तर दुसरं. ह्याला किरणं होती. मागं दोघं जण हातात हात घेऊन उभी. नाव मात्र काठाच्या मातीत दडलेलं.

"पाण्यात भिजत ठेवा. पाणी रोज बदला. मी रविवारी येतो."

अन् तो येत राहिला. बाभळीच्या काट्यानं माती उकरायचा. ती शेजारी वाटी धरून बसायची. मान वाकली की त्याच्या कपाळावर केस यायचे... मंजुश्रीची बोटं वाटीभोवती घट्ट व्हायची.

"लई हळू करून राहिलात," ती चिडवायची.

"घाई हाय तुम्हाला?"

"मला कशाची —"

पाचव्या रविवारी जाताना तो म्हणाला, "पुढच्या वेळी संपेल."

संपेल! मग नांदेडची गाडी लातूरला कशाला येईल? शनिवारी संध्याकाळी तिनं नाणं हातात घेतलं. गिऱ्हाइकाच्या हाती मळकी वस्तू द्यायची न्हाई, ही अप्पांची शिस्त. अन् हे तर त्याच्या हाती जायचं होतं, शेवटचं. तिनं चिंच घेतली, राख घेतली, अन् घासता घासता ओठांवर ओवी आली —

चिंचंच्या पाण्यानं तांब्याला आली लाली,
मनातली वाट बाई, नांदेडाला गेली.

रविवारी तिनं लखलखतं नाणं पुढं केलं. वैजनाथचा हात हवेतच थांबला.

"घासलं?"

"हाव... चिंचेनं."

"अक्षरं त्या हिरव्या सालीतच होती, मंजुश्री." मग हळूच, "चूक माझी. मीच सांगितलं न्हाई."

तिचे डोळे भरले. "आता नाव कधीच कळायचं न्हाई?"

त्यानं मोबाइल काढला. फोटो दुसऱ्या रविवारचा. खाली त्यानंच टिपलेलं बादशहाचं नाव — अंतोनिनस.

"तीन अक्षरं, दाढी, मागची जोडी... तेवढ्यावर ओळखलं होतं."

ती बघतच राहिली. "मग पुढचे तीन रविवार काय उकरून राहिला होतात?"

"काही न्हाई," तो कानापर्यंत लाल झाला. "काटा नुसता फिरवत होतो. तुम्ही वाटी धरायच्या ना..."

तिनं हसू पदराआड दाबलं. नाणं उलटं केलं. मुकुट झिजला होता, पण मागची दोघं हातात हात घेऊन तशीच उभी.

"हे ठेवून घ्या," तो उठत म्हणाला. "पुढच्या रविवारी आईला घेऊन येतो. अप्पांना भेटायला."

त्याची गाडी गेली. रस्ता रिकामा झाला, तरी ती दारातून हलली न्हाई.

सोमवारी सकाळी गौरम्मानं लेकीला हटकलं, "अगं, वाटीत नाणं न्हाई काई न्हाई, अन् पाणी कशाला बदलून राहिलीस?"

मंजुश्रीनं वाटीत ताजं पाणी ओतलं. रविवारला अजून सहा दिवस होते.